डोळे मिटून भांडण

सौंसरच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत कुणी कुणावर आवाज चढवत नसे. आमच्यात भांडण डोळे मिटून, हात जोडून, प्रार्थनेत होई. एखाद्या बाईने वापरायला नेलेला पाटा-वरवंटा परत केला नाही, तर तिच्या दारात जाऊन तो मागणे हे देहस्वभावाचे, म्हणजे पापी वृत्तीचे, लक्षण समजले जाई. त्याऐवजी रविवारी सकाळी परमेश्वराला सांगितले जाई की, हे दयाळू पित्या, दुसऱ्याची वस्तू आपलीच आहे असे ज्या बहिणींना वाटते त्यांना तू जागे कर. सगळे आमेन म्हणत. ती बाईही म्हणे. सोमवारी पाटा-वरवंटा परत येई, चटणी न धुता. शेजारच्या बायका आईला म्हणत, तुमच्यात बरं आहे वं बाई, तुमच्यात भांडणं नाहीत. आई हसून हो ना म्हणे आणि पाटा धुवायला घेई.

आमचे घर बसस्टँडच्या मागे होते. सकाळी जाग येई ती नागपूर, नागपूर असे ओरडणाऱ्या कंडक्टरच्या आवाजाने, आणि हंगामात संत्र्याच्या पेट्यांवर खिळे ठोकण्याच्या आवाजाने. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि शाळा सुटली की बसस्टँडवर पत्रके वाटत. नागपूरहून पत्रकांचे गठ्ठे बसच्या टपावरून येत आणि आमच्या खाटेखाली राहत. बाराखडीनंतर मी जे पहिले वाचले ते पत्रक. प्रत्येकाच्या माथ्यावर जाड अक्षरात एक प्रश्न असे. बाबांचे आवडते पत्रक होते, त्यावर विचारले होते, तुम्ही कुठे चाललात? प्रवासी ते हातात घेत आणि म्हणत, छिंदवाड्याला. बाबा निराश होत नसत. बस सुटल्यावर संत्र्याच्या सालींबरोबर खिडकीतून पडलेली पत्रके ते गोळा करीत, झटकत आणि पुढच्या बससाठी ठेवीत.

चार पानांच्या पत्रकात जग दोनच रंगांचे असते, आणि मी त्या दोन रंगांत वाढले. कॉलेजात जाईपर्यंत मी स्वतःच पत्रके लिहू लागले होते. हुंड्यावर लिहिले, मंडळीच्या सभेत बायकांना बोलू देत नाहीत त्यावर लिहिले, एक तर हार्मोनियम फार जोरात वाजवणाऱ्यांवर लिहिले. माझे नाव शांती. बाबांनी आयुष्यात केलेला हा एकच विनोद, तोही नकळत.

आता भाकरीबद्दल सांगायला हवे, कारण सगळे तिच्यावरून झाले. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे; त्यात येशूचे शरीर म्हणून भाकर आणि रक्त म्हणून द्राक्षरस सगळे वाटून घेत. त्याची भाकर आमच्या घरून जाई आणि द्राक्षरस मनोहरकाकांच्या घरून. काका मंडळीचे प्रमुख वडील, म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ. लोधीखेड्याच्या रस्त्यावर त्यांचा संत्र्याचा बगीचा होता आणि उपासना त्यांच्याच बैठकीत भरे. रत्नाकाकू काळ्या मनुका भिजवून, उकळून, फडक्यातून गाळून रस करीत. आई शनिवारी संध्याकाळी न्हाऊन, कणीक घट्ट मळून, मीठ आणि खमीर न घालता तव्यावर मंद आचेवर एकच जाड भाकर भाजे. भाजताना ती एक शब्द बोलत नसे. आम्हीही बोलत नसू. तव्यावर फडक्याने भाकर दाबल्याचा आवाज, बाहेर शेवटच्या बसचा हॉर्न, एवढेच. उरलेल्या कणकेची एक लहानशी चानकी होई, ती मला तेल-तिखट लावून मिळे. प्रभूची भाकर आई करते म्हणून त्या दिवशी मला आई थोडी मोठी वाटे. मंडळीत बायकांना सभेत बोलायची मुभा नव्हती, हिशेब नाही, निर्णय नाही. आईचे त्या मंडळीत जे काही होते, ते त्या भाकरीत होते.

रविवारी सकाळी आई ती फडक्यात बांधून नेई. रत्नाकाकू ती पितळी ताटात काढून, क्रोशाच्या रुमालाने झाकून मेजावर ठेवत. वर्षानुवर्षे असेच चालले होते. त्या रविवारी काकांनी रुमाल उचलला, भाकर हातात घेतली आणि थांबले. त्यांनी भाकरीवरून दोन बोटांनी काहीतरी ओढून काढले. तो केस होता, आणि लांब होता, कारण ओढणे बराच वेळ चालले. मग त्यांनी तो पांढऱ्या हातरुमालात गुंडाळून खिशात घातले, प्रार्थनेसाठी काढून ठेवलेला चष्मा तसाच मेजावर राहू दिला आणि डोळे मिटले. आम्हीही मिटले.

"हे पवित्र पित्या," काका म्हणाले, "जे हात तुझी भाकर तयार करतात, ते हात, ते डोके आणि ते स्वयंपाकघर तू शुद्ध कर."

आमेन सगळ्यांनी म्हटले. सर्वांत मोठ्याने आईने म्हटले, कारण तिला प्रार्थनेत सामील व्हायची सवय होती. आमेन तोंडातून गेल्यावर तिला अर्थ कळला. मी डोळे उघडून पाहिले. ती मेजाकडे पाहत नव्हती. ती बायकांच्या ओळीत पलीकडे बसलेल्या रत्नाकाकूंकडे पाहत होती, आणि काकू मांडीवरच्या गीतपुस्तकाकडे.

घरी आल्यावर वरण-भात आणि भरल्या वांग्यांची भाजी ताटात तशीच राहिली. बाबा जेवले नाहीत, येरझारा घालत राहिले. आता शास्त्रात अशा प्रसंगासाठी दोन सूचना आहेत, आणि आमच्या मंडळीत त्या पोरांनाही पाठ होत्या. शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात सांगितले आहे की, ज्याच्याविरुद्ध अपराध झाला त्याने अपराध करणाऱ्याकडे एकट्याने जावे. ऐकले नाही तर दोघांना न्यावे. तरीही नाही तर मंडळीला सांगावे. पाचव्या अध्यायात सांगितले आहे की, तुझ्याविरुद्ध कुणाच्या मनात काही आहे हे आठवले, तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी त्याच्याकडे जा. म्हणजे दुखावलेल्याने जायचे आणि दुखावणाऱ्यानेही जायचे. दोघे रस्त्यात भेटावेत अशी व्यवस्था आहे. मला ती आजही सुंदर वाटते.

पण बाबा म्हणाले, "पाचवा अध्याय स्पष्ट आहे. त्यानं यावं."

आणि काकांनी निरोप धाडला की, मास्तरांना काही लागले असेल तर अठरावा अध्याय स्पष्ट आहे, त्यांनी यावे.

अशा रीतीने दोन देवभीरू माणसे एकमेकांना लागू पडणारे अध्याय पाळत आपापल्या घरी बसली. आमचे घर आणि त्यांचे घर यांच्यात एक पाण्याची टाकी आणि एक पानठेला एवढेच अंतर होते. भाकर मात्र जातच राहिली. आई ती बैठकीच्या दारातल्या स्टुलावर ठेवी, काकू उचलून आत नेत. महिन्यामागून महिने आम्ही एका घरचे शरीर आणि दुसऱ्या घरचे रक्त घेतले, आणि ती दोन घरे एकमेकांशी बोलत नव्हती. हे कुणाला विचित्र वाटले नाही. हल्ली मंडळीचा मोबाइलवर ग्रुप आहे आणि भांडणे तिथे वचन पाठवून होतात, खाली जोडलेल्या हातांचे चित्र. ते पाहून तरुण मुले वैतागतात तेव्हा मी त्यांना सांगते, निदान तुम्हाला कोण कुणाला पाठवून राहिला ते तरी दिसते.

मग दोघा साक्षीदारांची पायरी आली. एक कंपाउंडरकाका आणि दुसरे त्यांचे साडू. समेट करायला ते एका बुधवारी आमच्याकडे आले, आईने त्यांना झुणका-भाकर आणि आंबाडीची भाजी वाढली. दुसऱ्या बुधवारी काकांकडे गेले, तिथे कोंबडी होती. दोन्ही बाजू नीट समजून घ्यायला हव्यात असे त्यांच्या लक्षात आले. ते बरेच बुधवार समजून घेत राहिले. शेवटी आईच म्हणाली, "भाऊजी, आता भांडण मिटलं तरी येत जा जेवाले." त्यानंतर ते आले नाहीत, आणि काकांना सांगून आले की मास्तरांचे घर हट्टी आहे.

तेव्हा काकांनी तिसरी पायरी जाहीर केली. येत्या रविवारी उपासनेनंतर मंडळीसमोर विषय होईल. तिथे मास्तरांच्या घराने भाकरीतल्या केसाबद्दल चूक कबूल केली तर ठीक, नाही तर यापुढे प्रभुभोजनाची भाकर नागपूरहून पाकिटातून येईल. पाकीटबंद, मानवी हाताचा स्पर्श नसलेली, असे ते म्हणाले. आई त्या दिवशी तवा घासत होती. घासून झालेला तवा ती पुन्हा घासू लागली.

मी त्या आठवड्यात माझ्या आयुष्यातले सर्वांत जळजळीत पत्रक लिहिले. माथ्यावर प्रश्न होता, पाकिटातला प्रभू कुणाचा? ते घेऊन मी बसने पांढुर्ण्याला गेले, कारण सौंसरच्या छापखान्यात काकांचा पुतण्या होता. तेव्हा पांढुर्णा जिल्हा वगैरे नव्हते. आता झाले आहे आणि तिथले रिक्षावालेसुद्धा जरा ताठ बसतात. छापखान्याचा मालक कपाळावर जुनी खोक असलेला, भारी चौकस गडी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते, या काठाचे आणि त्या काठाचे लोक एकमेकांना दगड मारतात, ती त्याची खोक. त्याने पत्रक दोनदा वाचले, तंबाखू मळली, आणि आमचे भांडण किती दिवसांचे म्हणून विचारले. मी सांगितले, दुसरे वर्ष लागेल. तो हसला. म्हणाला, ज्याने हा दगड मारला त्याच्या घरी त्याच संध्याकाळी मी चहा प्यालो, तुमचं तं लई चिवट काम हाय पोरी. मग कागदावर बोट ठेवून म्हणाला, "यात समदं हाय. पन केस कोनाचा होता, हे काहून नाही लिवलं?"

पावणेदोन पाने मी अन्याय, दंभ आणि स्त्रियांची अवहेलना यांवर लिहिली होती आणि ही गोष्ट मला सुचली नव्हती. कागद परत घेऊन मी बस पकडली.

आई अंगणात आंबाडी निवडत बसली होती. मी चप्पल न काढताच विचारले की, तो केस तू पाहिला होतास का. तिने पानावरून नजर न काढता म्हटले, पाहिला. मी विचारले, कसा होता. ती म्हणाली, "लाल."

मी तिथेच उंबरठ्यावर बसले. आईचे केस कापसासारखे पांढरे होते, आणि तिने त्यांना खोबरेल तेलाशिवाय काही कधी लावले नव्हते. सौंसरच्या मंडळीत मेंदी लावणारे डोके एकच होते. रत्नाकाकूंचे केस लवकर पिकले होते, आणि नटणे मुरडणे काकांना चालत नसे, म्हणून काकूंनी त्यांना सांगून ठेवले होते की मेंदी डोकेदुखीवर थंड असते. दर शनिवारी त्या मागच्या अंगणात थंडावा घेत बसत. ताट त्यांनीच लावले होते, रुमाल त्यांनीच झाकला होता. काकांनी चष्मा घातला असता तर हे सगळे घडलेच नसते.

"आणि तू बोलली नाहीस?"

"कोनाले बोलू? तुह्या बापाले? त्यानं पत्रक छापलं असतं."

"पण काकूंना माहीत आहे?"

"तिले नाही तं कोनाले माहीत राहीन? तिनं पाह्यलं, मी पाह्यलं." आईने देठ मोडला. "मले त्याच्या प्रार्थनेचं काही वाटलं नाही वं. तो पुरुष मानूस हाय, केसाचं त्याले काय समजते. पन रत्ना चूप राहिली, त्याचं वाटलं."

ते वाटणे तिने इतके महिने भाकरीबरोबर मळले होते, हे मला तेव्हा समजले. पण मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. माझ्या हातात सत्य आले होते, आणि पत्रकांनी मला एवढेच शिकवले होते की, सत्य हातात आले की ते वाटायचे असते. मी म्हटले, रविवारी मी उभी राहून सगळे सांगणार. बायकांनी बोलायचे नाही हा नियम मोडूनच सांगणार. तुझी भाकर कुणी नेणार नाही. आईने माझ्याकडे नीट पाहिले, हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही, आणि सुपातली भाजी उचलून आत गेली. मी त्याचा अर्थ संमती असा घेतला.

रविवारी बैठकीत सतरंजीवर सगळे बसले. कंपाउंडरकाकांनी प्रास्ताविक केले आणि ते बराच वेळ चालले. मनोहरकाका म्हणाले की, आपल्या मनात मास्तरांबद्दल काहीही नाही, प्रश्न पावित्र्याचा आहे. बाबा उठून म्हणाले की, आपल्या मनातही काही नाही, प्रश्न पाचव्या अध्यायाचा आहे. दोघांच्या मनात काहीच नसल्यामुळे विषय पुढे सरकेना. काका म्हणाले, मग चूक कबूल करणार की नाही? बाबा शास्त्राची पाने उलटू लागले. कारण केसाबद्दल त्यांना खरेच खात्री नव्हती. आईचा असेलही, असे त्यांना आतून वाटत होते, आणि तेच त्यांना सगळ्यांत जास्त बोचत होते.

मी उठायला गुडघा टेकला. समोर भिंतीशी रत्नाकाकू बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि त्यांना कळले की मला कळले आहे. पदर त्यांनी कपाळापर्यंत ओढून घेतला. त्यांचा चेहरा पाहून मला जे वाटले, त्याला जोरात बोलण्याचा उत्साह म्हणता येणार नाही. तरी मी उठलेच असते. पण आईचा हात माझ्या मनगटावर आला आणि मला खाली दाबून त्याच आधाराने ती स्वतः उभी राहिली.

बैठक दचकली. काका म्हणाले, बहिणींना सभेत बोलता येत नाही. आई म्हणाली, मी बोलत नाही, प्रार्थना करते. त्याला नियम नव्हता. बहिणी प्रार्थना करू शकत, दर रविवारी करत. आईने डोळे मिटले, म्हणून सगळ्यांना मिटावे लागले.

"प्रभू," आई म्हणाली, "मी आता म्हातारी होऊन राहिली. तुही भाकर एकटीनं होत नाही. डोळ्यालेही नीट दिसत नाही, काय पडलं, काय नाही. रत्नाले शनिवारी माह्या घरी धाड. तिचा हात मऊ हाय. दोघी मिळून करू. अन तिले सांग, का माह्या मनात काही उरलं नाही. आमेन."

आमेन म्हणायची आमच्या मंडळीची सवय फार जुनी होती. सगळ्यांनी म्हटले. बाबांनी म्हटले. सर्वांत मोठ्याने मनोहरकाकांनी म्हटले, आणि तोंडातून गेल्यावर त्यांना अर्थ कळला. पाकिटाचा ठराव त्यांच्या खिशातच होता. पण देवाला सांगून आणि त्यावर आमेन म्हणून झालेली गोष्ट मागे कशी घ्यायची, हे कुठल्याच अध्यायात दिलेले नाही. त्यांनी घसा खाकरला आणि शेवटचे गीत सांगितले.

शनिवारी संध्याकाळी रत्नाकाकू आल्या. हिवाळ्यात गाडीवर जाताना बांधतात तसा स्कार्फ त्यांनी डोक्याला घट्ट, कानांसकट बांधला होता. एक केस बाहेर नव्हता. आईने तो पाहिला आणि परात पुढे सरकवली. काकूंनी कणीक मळली, आईने चूल पाहिली. भाकर करताना बोलायचे नाही हा नियमच होता. मग काकूंनी तो मोडला.

"वहिनी, तुमाले तवाच दिसलं होतं ना?"

"दिसलं."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"तू बोलशीन, म्हनून वाट पाहून राहिली होती."

काकूंचे हात कणकेत थांबले. "बोलाचंच होतं मले. घरी गेल्यावर बोलनार होती. पन त्यायनं देवाले सांगून टाकलं होतं ना. आता देवाले खोटं कसं पाडू?" आणि त्या रडू लागल्या, डोळे पुसता येईनात, कारण दोन्ही हात कणकेने भरलेले. आईने आपल्या पदराने त्यांचे नाक-डोळे पुसले, लहान पोरीचे पुसतात तसे, जरा जोरानेच. मग म्हणाली, "मीठ नाही घालाचं वं भाकरीत. रडाचं असन तं परातीपासून दूर बस."

काकू आधी रडत आणि मग हसत राहिल्या. उरलेल्या कणकेची चानकी त्या दिवशी त्यांनी लाटली. ती आईच्या चानकीपेक्षा मऊ होती, हे मी आईला अजून सांगितलेले नाही, आणि आता सांगायला ती नाही.

माझे पत्रक मी छापले नाही. पत्रके लिहायचे सोडले असे मात्र कुणी समजू नये. नंतरही पुष्कळ लिहिली, आणि त्यातल्या काहींमुळे योग्य ती माणसे योग्य तेवढी चिडली. फक्त छापखान्यात जाण्याआधी मी तेव्हापासून एकदा विचारते, केस कुणाचा होता, आणि हे कळल्याने कुणाचे भले होणार आहे. कधी उत्तर येते की होणार आहे. मग छापते.

त्या शनिवारच्या दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन झाले. काकांनी डोळे मिटून आभार मानले की, हे पित्या, तुझ्या अठराव्या अध्यायाच्या तिन्ही पायऱ्या आम्ही चढलो आणि तू यश दिलेस. त्यांच्यामागून बाबांनी प्रार्थना केली आणि पाचव्या अध्यायासाठी आभार मानले. दोघेही आपापल्या अध्यायाच्या विजयावर पूर्ण विश्वास ठेवून पुढे यथाकाळ देवाघरी गेले. तिथे काय ते त्यांना कळले असेल. पण त्या सकाळी काका पुढे म्हणाले, "आणि प्रभू, तुझी भाकर करणाऱ्या शुद्ध हातांसाठी आम्ही तुझे उपकार मानतो."

मी डोळे उघडे ठेवले होते. बायकांच्या ओळीत आई आणि रत्नाकाकू शेजारी शेजारी बसल्या होत्या, डोळे घट्ट मिटून, पदर तोंडावर धरून, आणि दोघींचे खांदे हलत होते. आमेन सगळ्यांच्या आधी काकूंनी म्हटले.